भांगाची भरती

माहूलला उतरल्यावर नाकानं वाट काढायची.
आधी रिफायनरीचा वास, मग सुकटीचा,
आणि सुकटीचा वास जिथं विरतो
तिथं पत्र्याच्या दारावर खडूनं लिहिलेलं:
'कारखाना पाहण्यास मोकळा. चपला काढू नयेत.'

मी हिशेबनीस. यंत्रांचा घसारा लावतो,
दरसाल पंधरा टक्के, खुर्चीवरून न उठता.
इथल्या चाकाची किंमत कुठल्याही वहीत
कधीच शून्य झाली असणार.
ते उभं होतं. दोन पुरुष उंच, ऐनाच्या लाकडाचं,
फळ्यांना कालवं चिकटलेली.

परकारचाचा, गोदीतले जुने फिटर,
चष्मा कपाळावर ठेवून सांगत होते:
भरतीचं पाणी उघाडीतून तळ्यात यायचं,
दार आपोआप मिटायचं,
ओहोटी लागली की तेच पाणी चाकावर.
चाकाचा दात घणाची शेपटी दाबी,
घण उठे, सुटे,
आणि लाल लोखंडाचा होई नांगर, कडी, खिळा.
'पाळी कधी लागायची?' मी विचारलं.
'चंद्राला विचारायचं. तोच मुकादम.'

हिरोजी केणींनी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं.
तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते.
अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा.
म्हणजे रोज पाऊण तास उशिरा जेवणारे लोहार,
मध्यरात्री भाता ओढणारी त्यांची पोरं,
पंधरवड्यातून एकदा दुपारी
घरच्यांच्या पंक्तीला.

'आज चालेल का?' एका मुलीनं विचारलं.
शाळेची सहल होती, बावीस मुलं, डबे उघडायच्या बेतात.
केणींनी तळ्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं.
'आज भांग. पाणी येतं आजही,
पण मनापासून येत नाही.'

तरी त्यांनी दार उचललं.

पाणी आलं. गढूळ, एक प्लास्टिकची पिशवी घेऊन.
फळी भिजली. दुसरी भिजली.
चाक कण्हलं आणि
निघालं, खरंच निघालं,
दात शेपटीवर टेकला,
घण उठू लागला, वीतभर, दोन वीत,
आणि तिथंच थांबला.

कुणी बोललं नाही.
दोन मणांचं लोखंड हवेत,
खाली रिकामी ऐरण,
बावीस मुलांच्या कानांवर बावीस जोड्या हात.

मग विद्युलता सामंत, बँकेतून निवृत्त,
पुढं झाल्या, घणाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला
आणि म्हणाल्या, 'पुनवेला या.'
मुलांनी हात काढले. एक जण रडला,
त्याला आवाज हवा होता.

सहल गेली. मी रेंगाळलो.
त्यांनी एक बोळा दिला, तेलात बुडवलेला,
जणू पाहुण्याला पाणी द्यावं.
खारी हवा. सोमवारी पुसलं की
गुरुवारी पुन्हा तांबूस.
'इतकं करून वाचेल?' मी विचारलं.
परकारचाचा साखळीची कडी पुसत होते, वर न बघता म्हणाले,
'वाचवतंय कोण? आम्ही नुसता उशीर करतोय.'

मी सात कड्या पुसल्या.
आठव्या कडीवर कुणाच्यातरी छिन्नीची खूण होती,
माशाच्या आकाराची, किंवा
छिन्नी घसरली असेल.

परतताना शर्टाच्या बाहीला गंज लागलेला.
बायकोनं लिंबू चोळलं, मीठ चोळलं. राहिला.

आज ऑफिसात ताळेबंद चालू आहे.
भिंतीवर वाण्यानं दिलेलं कॅलेंडर,
पौर्णिमेचा पांढरा गोल, मंगळवारवर.
सव्वाअकरा वाजून गेले.
ओहोटी लागायला थोडा वेळ द्यावा लागेल, केणी म्हणाले होते.
मी पंख्याचं बटण बंद केलंय.
शेजारचा देवरुखकर विचारतोय, काय झालं?

थांब जरा, म्हटलं.